कांताचं दुखणं

पवनारला भाजीचा मळा करणाऱ्या सखूबाईची मुलगी कांता एकतीस वर्षांची. जन्मापासून बुद्धीनं मागे राहिलेली, बोलायला मोजके शब्द; पण मेथीच्या जुड्या बांधायला बसली की स्वतःशीच हसायची.

दिवाळीनंतर ती बदलली. जेवण सोडलं, भिंतीवर डोकं आपटू लागली, जवळ येणाऱ्याला चावू लागली. "काटा, काटा," एवढंच म्हणायची. सखूबाईनं तिचे तळपाय कितीदा उजेडात धरून पाहिले. काटा नव्हता.

भाऊ खुशाल तिला वर्ध्याला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि त्यालाच विचारलं, "जन्मापासून अशीच ना? मग अशा पेशंटचं असं होतंच." झोपेच्या गोळ्या मिळाल्या.

गोळी घेतली की ती पडून राहायची, जाग आली की पुन्हा किंचाळायची. शेजारी म्हणू लागले, "खुशाल, तिले कुठंतरी ठेवून दे आता." त्यानं चौकशी केलीही. एका संस्थेत अठरा वर्षांवरच्यांना जागा नव्हती, दुसरीला चावणारी बाई नको होती. शेवटी मळ्यात जाताना तो खोलीला बाहेरून कडी लावू लागला.

एका सकाळी गोळी द्यायला त्यानं तिचे दोन्ही हात दाबून धरले. ओरडायला तिनं तोंड उघडलं, तसा सडका वास आला. आतली दाढ काळी पडली होती, हिरडीतून पू येत होता.

खुशालनं हात सोडले. "माय वं, हिची तं दाढ दुखून राह्यली!"

जवळच्या दातांच्या डॉक्टरनं असे पेशंट घेत नाही म्हणून परत पाठवलं. मोठ्या दवाखान्यात सखूबाईनं सगळी हकीकत सांगितली. तिथल्या तरुण डॉक्टरणीनं कांतासमोर स्टूल ओढलं, तिच्या हातात आरसा दिला, स्वतःचं तोंड उघडून दाखवलं आणि विचारलं, "कांता, काटा कुठं आहे?"

कांतानं गालावर बोट ठेवलं. सखूबाईनं तोंडाला पदर लावला.

भूल देऊन दाढ काढली. कांता जेवू लागली. पण खुशाल खोलीत आला की अजून भिंतीला चिकटून बसते. मग तो मेथीची टोपली दारातच ठेवून मागे फिरतो.

"मी हाये तोवर ठीक," सखूबाई म्हणते, "मंग हिचं दुखणं कोण वळखन?"

परवा कांताला ताप आला. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी खुशाललाच विचारलं, "काय होतं हिला?"

"तिलेच विचारा साहेब. थोडा वेळ लागन."

डॉक्टर कांताकडे वळले, विचारलं. ती खाली पाहत राहिली. मागे रांगेत कुणीतरी कुरकुरलं. डॉक्टरांनी जरा वाट पाहिली, मग औषध लिहायला घेतलं.