पिठाची तीट

सोलापुरात मी एका दुकानाचे टॉवेल आणि चादरी ऑनलाइन विकते. तेवढ्यावरून नातेवाइकांत माझा असा लौकिक झालाय की मी मोबाइलवर काहीही खपवू शकते. एक माझे मामा सोडून. लहानपणापासून पाहुण्यांपुढं ते माझी ओळख एकाच वाक्यात उरकत: "भाची. काई कामाची न्हाय." त्यामुळं वळसंगच्या पलीकडच्या त्यांच्या वस्तीवरून मलाच बोलावणं आलं, तेव्हा मी जरा तोऱ्यातच गेले.

मामांचा मेंढरांचा कळप आहे. त्यांनी मागच्या खेपेच्या लोकरीकडं बोट दाखवलं. बांधावर काळा ढीग, त्यात निम्मे काटे आणि लेंड्या. घोंगड्या विणणारे म्हातारे गेल्यापासून ती फेकूनच द्यायची पद्धत पडली होती. "आता कातरणी हाय," मामा म्हणाले. "ह्या बारीची तरी खपीव."

खरी गोष्ट मामीनं चुलीपाशी सांगितली. मामांचे गुडघे गेलेत, राखणीला गडी लावावा लागतो. त्यांच्या मुलानं, आमच्या दादानं, पुण्यातून हुकूम सोडला होता: लोकरीतून गड्याचा आणि कातरणाऱ्यांचा खर्च निघाला तर कळप राहील, नाहीतर व्यापारी आणतो. आयुष्यभर मेंढरांमागं चाललेल्या माणसानं नंतर करायचं काय, हे दादाला सुचलं नसावं. मला त्याचा भयंकर राग आला.

हातानं सूत कातणाऱ्या हौशी बायका पुण्या-बंगळुरात असतात, हे मी शोधून काढलं. त्यांचा थाट निराळा. एकेका मेंढीची लोकर वेगळी हवी आणि सोबत त्याच मेंढीचा फोटो हवा. एकीनं तर विचारलं, मेंढी आनंदी असते का? मी मामांना विचारलं.

"तिलाच इचार की," मामा म्हणाले.

लोकर वेगवेगळ्या पोत्यांत भरायला ते कुरकुरत का होईना, तयार झाले. फोटोला मात्र साफ नाही. चांगलं जनावर चारचौघांना दाखवलं की दृष्ट लागते. हितं तर अख्ख्या जगाला दाखवायचं. शेवटी त्यांनी एक मेंढी पुढं केली: म्हातारी, लंगडी, एक कान अर्धा. दृष्टीलासुद्धा दया यावी अशी. तिचा फोटो काढला आणि मी, टॉवेलवाली, तोच प्रत्येक पोत्याला लावून मोकळी झाले. टॉवेलचं तसंच असतं, एक फोटो आणि हजार नग.

सुरुवातीला बरं चाललं. मग बंगळुरातल्या एका बाईनं सूत कातणाऱ्यांच्या ग्रुपवर लिहिलं की, मला आणि माझ्या दोन्ही मैत्रिणींना याच मेंढीची लोकर आली आहे, ही बिचारी दिवसातून किती वेळा कातरली जाते? खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. पुढं कुणीतरी 'फसवणूक' हा शब्द वापरला आणि ऑर्डरी बंद पडल्या. दादाचा फोन आला, रविवारी व्यापाऱ्याला घेऊन येतो.

मी मामांपुढं बसले आणि सगळं सांगितलं. खऱ्या मेंढ्यांचे फोटो दाखवल्याशिवाय आता कोणी विश्वास ठेवणार नाही. मामांनी मळलेली तंबाखू तोंडात टाकली. मग उठले आणि कळपातली सगळ्यात देखणी मेंढी घेऊन आले. भरदार, काळीभोर. "रोगटच हाय," ते मला म्हणाले, पण तिची मान काही सोडेनात.

मामी काजळाची डबी घेऊन धावली. काळ्या मेंढीला काळी तीट लावून बघितली, दिसेच ना. भाकरी थापायचं तसंच राहिलं होतं. तिनं हाताचं ज्वारीचं ओलं पीठ मेंढीच्या कपाळावर टेकवलं. तशी एकेक करत सगळ्यांना लावली. मेंढ्या एकमेकींच्या तिटा चाटायला लागल्या, त्यामुळं मला घाई करावी लागली. फोटो होईस्तोवर मामा पाठ करून उभे होते.

"चांगली म्हून लिवू नगंस," ते तिकडंच बघत म्हणाले. "बरी हाय म्हून लिव."

मी ग्रुपवर माफी मागितली, घडलं ते लिहिलं आणि प्रत्येक फोटोखाली टाकलं: मेंढी बरी आहे. बंगळुरातल्या त्या बाईनंच पहिलं पोतं घेतलं. शनिवारपर्यंत दारात एकही पोतं उरलं नव्हतं.

रविवारी व्यापारी आलाच. दादानं मान खाली घालून सांगितलं की खर्च निघाला, कळप विकायचा नाही. बाजेवर चहा पिता पिता व्यापारी मेंढरांकडं बघत म्हणाला, "माल झकास हाय की."

"कशाचा झकास," मामा म्हणाले. "समदी रोगट."

"आन लोकर कुनी इकली म्हनं?"

मामांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "ही भाची. काई कामाची न्हाय."

एवढी वर्षं मी त्या वाक्यावर रुसत आले होते. आता मी चहा खाली ठेवून त्या 'रोगट' मेंढरांकडं बघत राहिले. तेवढ्यात मामी भाकरी थापायची सोडून बाहेर आली आणि पिठाचं बोट माझ्या कानामागं टेकवून आत गेली.