मोठ्यानं बोला, जमादार

जमादारकाका कल्याणात कुठंही जायचं असलं तरी मास्तरांच्या गल्लीतून जात नसत. काळ्या तलावाला वळसा घालतील, उन्हात घामाघूम होतील, पण ती गल्ली टाळतील. हे माझे चुलत सासरे, मामंजींचे धाकटे भाऊ. मामंजींचं बाजारात दुकान, काका पोलिसात. लग्न होऊन मी घरात आले तेव्हा स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं आणि काकांना बढती. मी शेजारी पेढे वाटायला निघाले, तर म्हणाले, "नको, सूनबाई. वर्दी तीच आहे, बिल्ला तेवढा बदललाय."

कारण सासूबाईंनी सांगितलं. बेचाळीसच्या चळवळीत मास्तर झेंडा घेऊन बाजारातून निघाले, तेव्हा काकांनी त्यांना काठीनं झोडपलं. साहेबाचा हुकूम होता तो जमाव पांगवण्याचा; मास्तर खाली पडल्यावरही काका थांबले नाहीत. मास्तरांचा डावा कान कायमचा गेला. नव्या राज्यात चौकशी होईल या धास्तीनं काकांना झोप लागत नसे. चौकशी झालीच नाही. मग तर झोप पुरतीच उडाली.

घरात मात्र माणूस फार मायेचा. माझ्या लेकीला न्हाऊ घातलं की तिचे कान मऊ पंच्यानं तेच टिपत.

एका पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर मास्तरांचा सत्कार होता. काका बंदोबस्ताला होते, आम्ही बायका पुढच्या सतरंजीवर, मामंजी मागे पुरुषांत. हार घालून झाला आणि काका टोपी काढून व्यासपीठावर चढले.

"मास्तरांना मी मारलं," ते म्हणाले. "पडल्यावरही मारलं. कुणी विचारलं नाही, म्हणून सांगतोय."

अध्यक्ष गडबडले. "अहो जमादार, झालं गेलं ते! आज कशाला?"

मास्तरांनी उजवा कान पुढे केला. "मोठ्यानं बोला, जमादार. मला ऐकू आलं नाही."

काकांनी सगळं पुन्हा सांगितलं, पार फाटकापर्यंत जाईल अशा आवाजात. मास्तर एवढंच म्हणाले, "आता ऐकलं."

ठाण्याला जिल्ह्याच्या पोलीस कचेरीत काकांना बोलावणं आलं. दारूच्या नशेत बोललो असं सांग, नोकरी वाचेल, असं साहेबांनी सुचवलं. काका म्हणाले, "साहेब, तेवढं एकच शुद्धीवर बोललोय." नोकरी गेली.

गाव त्यांच्यावर चिडलं ते बोलल्याबद्दल. मारलं तेव्हा कुणी चिडलं नव्हतं. सगळ्यात जास्त चिडले मामंजी. सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं. काका मुरबाडला राहायला निघाले तेव्हा पोचवायला मी एकटीच होते. मोटार सुटायच्या वेळी मास्तर आले.

"माफ केलं असं मी म्हणणार नाही," ते खिडकीशी म्हणाले.

"म्हणू नका," काका म्हणाले.

काका मुरबाडलाच वारले. तेराव्याला मामंजी जेवेनात. मी ताट घेऊन गेले, तर खाली मान घालून बसले होते.

"सूनबाई, मास्तर आपल्याच दुकानाच्या पायरीवर पडले होते गं. मला नावानं हाका मारत होते. मी आतून फळ्या लावून घेतल्या." ताट बाजूला सारून म्हणाले, "त्या दिवशी मैदानावर धाकटा वर चढला. मी बसूनच राहिलो."