पोहे म्हणजे काही भात नव्हे

सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका सरकारी कचेरीत मी टायपिस्ट होते. मॅट्रिकला गृहशास्त्रात मला चांगले गुण होते, त्यामुळे कुणाचं पोट बिघडो की कुणाला अशक्तपणा येवो, सल्ला माझ्याकडे मागत. न मागता तर मी हमखास देत असे. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, त्यातली गत.

दुपारी दोन टेबलं जोडून आम्ही जेवायला बसत असू. सगळ्यांत मोठा डबा बडे बाबूंचा. ते आमचे हेड क्लार्क. खालचे दोन कप्पे वरणभाताचे, आणि तो जेवताना ते कुणाशी बोलत नसत. पुढे त्यांना साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी गोड बंद केलं, भात बंद केला, आणि ऐकलं नाही तर डोळे जातील असं बजावलं. ज्या माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय कचेरीतून एक कागद बाहेर पडत नसे, त्याचे डोळे!

त्यांच्या बायकोने मला घरी बोलावून घेतलं. "घरी मी पाहून राहिली," त्या म्हणाल्या, "पण हापिसात तूच पाहशील वं. यायले भाताचं शीत दिसू देऊ नको."

मी ते मनावर घेतलं. दुपारी भाताची वेळ झाली की बडे बाबू पोळीचा तुकडा हातात धरून नुसते बसून राहत. मला ते बघवेना. तेव्हा माझं गृहशास्त्र मदतीला आलं. पोह्यात लोह असतं, हे पुस्तकात वाचलं होतं. शिवाय पोहे म्हणजे नाश्ता, भात म्हणजे जेवण. मी डबाभर पोहे करून नेले आणि फाटकासमोरच्या ठेल्यावरून वर ओतायला झणझणीत तर्री मागवली.

"हे चालते का गा?" शेजारच्या कारकुनाने बडे बाबूंना विचारलं.

"ती म्हणते चालते," बडे बाबू म्हणाले आणि डबा पुढे ओढला.

मग वर्षभर तो माझा नेमच झाला. एखाद्या दिवशी मी विसरले तर "काहून वं, आज पोहे नाही?" असं ते लहान मुलासारखं विचारत. त्यांच्या तोंडावरचं समाधान बघून मला किती बरं वाटे! त्या दुपारची कांद्याची, तर्रीची चव आजही आठवते, आणि नोकरीतले ते माझे सगळ्यांत सुखाचे दिवस होते हे मी कबूल करते.

पुढे ते म्हणू लागले, माझ्या मशीनची शाई फिकी झाली आहे. मी रिबन बदलली. महिन्याने पुन्हा तेच. मग एक दिवस त्यांनी मसुदा माझ्याकडेच सरकवला आणि म्हणाले, "तूच वाचून दाखव."

डोळे तपासायला त्यांच्या बायकोने मलाही सोबत नेलं. हापिसातलं पथ्य मलाच ठाऊक, म्हणून. डॉक्टरांनी भाताचं विचारलं. वर्षभर शिवला नाही, असं बडे बाबू म्हणाले.

"आणि पोहे, मुरमुरे? तेही तांदळाचेच. पोहे म्हणजे चेपलेला भात."

मी तोंड उघडणार, तोच बडे बाबू म्हणाले, "नाही जी. पोहे मले आवडतच नाही."

डावा डोळा आता सुधारणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बडे बाबूंच्या पत्नी औषधं घ्यायला खिडकीपाशी गेल्या आणि आम्ही दोघंच बाकावर उरलो. मला रडू आवरेना. मला माहीत नव्हतं हो, एवढंच मी म्हणत राहिले.

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "मी भंडाऱ्याकडचा, धानाच्या गावचा. पोहे कशाचे होते, हे मले कोणी सांगावं लागते का? पण तू चालते म्हणाली, तं मी म्हटलं, चालत असन."

त्यांच्या पत्नी औषधं घेऊन आल्या. पदराने डोळे पुसून त्यांनी माझा हात हातात घेतला.

"तू होती म्हणून एवढं तरी पथ्य झालं वं माय," त्या म्हणाल्या. "नाही तं दोन्ही डोळे गेले असते."

बडे बाबू भिंतीकडे पाहत होते. मी होकारार्थी मान हलवली.