सुजाताची चोरओटी

रोज सकाळी कपडे वाळत घालण्याआधी सुजाता बाल्कनीतली दोरी ओल्या फडक्याने पुसायची. शारजात रात्रभरात दोरीवर बारीक वाळू बसते आणि ओल्या कपड्याला लागली की पिवळट रेघ उठते. वारा नसेल त्या दिवशीही ती पुसायची. फडकं स्वच्छच राहिलं तरी तिची हरकत नसे. "नसेल तर नसेल, पण बघितलं पाहिजे," असं म्हणायची. असल्या बाईच्या वाटेला जाऊ नये, एवढं शोभनावहिनींना त्या फडक्यावरून कळायला हवं होतं.

सुजाता पुण्याची. शारजातल्या एका भारतीय शाळेत सायन्स शिकवायची. नवरा सतीश दुबईत, अल क्वोजमधल्या एका इंटिरियरच्या कंपनीत एस्टिमेटर होता. मुलगी मिहिका दुसरीत. दोन हजार नऊ साल उजाडलं तेव्हा सतीशच्या कंपनीच्या निम्म्या साइट्स बंद पडल्या होत्या. सगळ्या मंदीचा हिशेब जणू त्याच्या एकट्याकडे मागितल्यासारखा तो घरी येऊन गप्प बसायचा. त्याच दिवसांत सुजाताला दिवस गेले.

तिला मूल नको होतं. नोकरीचं कारण होतं, पगाराचं होतं, मिहिकाच्या वेळच्या हालांचंही होतं. पण ही सगळी कारणं काढून घेतली असती तरी तिला ते नकोच होतं. सतीशला तिने तसं सरळ सांगितलं. तो म्हणाला, "बघू." लग्नाला नऊ वर्षं झाली होती, त्याच्या 'बघू'चा अर्थ ती 'तुझं तू कर' असा घेत आली होती.

इथे डॉक्टरला विचारायची सोय नव्हती. विचारणंसुद्धा गुन्ह्याच्या जवळ जाणारं. परदेशातल्या काही डॉक्टरांची एक संस्था इंटरनेटवरून सल्ला देते आणि सुरुवातीच्या आठवड्यांत घ्यायच्या गोळ्या टपालाने पाठवते, हे तिला शोधता शोधता सापडलं. मिहिका कार्टून बघत असताना तिने घरच्या कॉम्प्युटरवर एकेका प्रश्नाचं उत्तर लिहिलं. शेवटची पाळी कधी, आजार कोणते, जवळ हॉस्पिटल आहे का. एक प्रश्न होता, तुमच्यावर कुणी जबरदस्ती करत आहे का? तिने 'नाही' लिहिलं. तोवर ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी एका डॉक्टरीणबाईंचं उत्तर आलं. चेहरा नाही, आवाज नाही, पण वाक्यं अशी, की समोर खुर्ची ओढून बसल्यासारखी. वेळ आहे, घाबरू नका, कुठे पाठवू ते कळवा.

घोटाळा झाला तो इथे. या देशात घरी पोस्टमन येत नाही. टपाल पोस्ट ऑफिसातल्या बॉक्समध्ये येतं आणि बॉक्स असतो कंपनीचा. नवऱ्याची कंपनी तोच बायकोचा पत्ता. आईची दिवाळीची पत्रं, भावाने पाठवलेली पुस्तकं, सगळं सतीशच्या ऑफिसच्या बॉक्समधून आजवर न उघडता घरी आलेलं. तिने सवयीने तोच नंबर दिला.

त्या बॉक्सची किल्ली राजनभाऊंकडे असे. राजनभाऊ कंपनीचे ॲडमिन मॅनेजर आणि मराठी मंडळाच्या गणपतीचे कायमचे कार्यवाह. शोभनावहिनी त्यांच्या पत्नी.

एका संध्याकाळी सतीश घरी आला तो बूट न काढता सोफ्यावर बसला.

"राजनभाऊंनी टाकून दिलं ते सगळं," तो म्हणाला. "कुणी पकडलं असतं तर तू आत, मी आत. मिहिकाचं काय झालं असतं?"

"उघडलं त्यांनी?"

"कंपनीच्या बॉक्समध्ये आलं. त्यांना बघावंच लागतं."

"माझं नाव होतं त्यावर."

"खाली माझंही होतं." तो बुटाच्या नाड्यांशी खेळत राहिला. "आणि अजून एक. कमी करायच्या माणसांची यादी चाललीय. बायको प्रेग्नंट आहे म्हटल्यावर नाव मागे घेतो म्हणाले. मी हो म्हटलं."

"कशाला हो म्हटलंस?"

"आता खलास ना, सुजाता. होऊन जाऊ दे. एवढ्या मोठ्या माणसाने आपली लाज राखली."

ती उठली. पोळ्या करायच्या राहिल्या होत्या, त्या केल्या. त्या दिवशीच्या पोळ्या फार पातळ झाल्या, असं सतीश जेवताना म्हणाला.

शुक्रवारी सकाळी बेल वाजली. दारात शोभनावहिनी, हातात नारळाची पिशवी, मागे मंडळातल्या चौघी. तिसऱ्या महिन्यात घरच्याघरी, गाजावाजा न करता भरतात ती चोरओटी. नावातच चोरी आहे, कारण कुणाला कळू द्यायचं नसतं. शोभनावहिनींनी मात्र चौघींना गाडीत घालून आणलं होतं.

"सासूबाई इथे नाहीत, मग मीच नको का करायला?" त्या म्हणाल्या. "बस पाटावर. हो, आणि गोड बातमी अशी लपवायची असते होय?"

"वहिनी, अजून तिसरा लागला नाही ना?" चौघींतली मैथिली म्हणाली. मैथिलीचं तोंड म्हणजे मंडळाचा माइकच.

"शुभाला कसला मुहूर्त गं. आणि आपण चौघीपाचजणी जाणार कुठे सांगायला? काय सुजाता?" आणि वाकून कुंकू लावताना शोभनावहिनी अगदी हळू, मायेने म्हणाल्या, "आता सगळ्यांना माहीत झालंय हं. आता नीट जपायचं."

तांदूळ, नारळ, हिरवा खण सुजाताच्या पदरात पडला. ती उठली आणि पाचजणींच्या पाया पडली. शोभनावहिनींच्या पायांशी ती जरा जास्त वेळ वाकली. त्यांना ते नम्रपणाचं वाटलं. दर महिन्याला रंगवलेली ती नखं सुजाता नीट बघून घेत होती.

संध्याकाळी तिने डॉक्टरीणबाईंना पुन्हा लिहिलं. उत्तर आलं की अजून वेळ आहे, पण फार नाही. आणि दुसरा पत्ता हवा.

शाळेचा बॉक्स होता, पण त्याची किल्लीही ऑफिसातल्या दुसऱ्याच कुणाकडे; स्वतःचा पत्ता असलेली एकच बाई तिच्या ओळखीची होती. हव्वाबी, मूळची दापोलीची शिंपीण, पूर्वी शारजात सुजाताचे ब्लाउज शिवायची. नवरा गेल्यावर तिने उम्म अल कुवैनला स्वतःचं छोटं दुकान टाकलं होतं आणि दुकानाच्या नावाने बॉक्स घेतला होता.

"ओटीचा खण शिवायला टाकायचाय," सुजाता सतीशला म्हणाली. "हव्वाबीच्या हातचा बसतो मला."

सतीश खूश झाला. बायको वळणावर आली असं त्याला वाटलं. पुढच्या सुट्टीला त्याने स्वतः गाडी काढली. "व्हाय सो फार, मम्मा?" मिहिका मागून कुरकुरली. "ब्लाउजसाठी," सतीशनेच उत्तर दिलं. तो आणि मिहिका गाडीत बसले. सुजाता आत गेली.

हव्वाबीने माप घेता घेता सगळं ऐकलं. टेप गळ्यात अडकवला. "डबा माझा, चावी माझी," ती म्हणाली. "इथं माझं कागद उघडणारा बाप्या राहिला नाय. येऊ दे तुझं औषध."

"तुम्हाला त्रास झाला तर?"

"झाला तर झाला. तो तुझा भाऊ का कोण, त्याला ठाऊक हाय का मी?"

"नाही."

"मग झालं. आता हात वर कर, काखेत घट्ट होतो तुला."

पार्सल आलं. खण शिवून झाला म्हणून तो आणायलाही सतीशच तिला घेऊन गेला. ब्लाउजच्या घडीत लपवलेलं पाकीट त्याने नकळत आपल्या हाताने गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं.

पुढे जे झालं ते तिने सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, एकटीने काढलं. सतीश मिहिकाला घेऊन पार्कात गेला होता. डॉक्टरीणबाईंनी काय होईल, काय झालं तर हॉस्पिटल गाठायचं, हे सगळं समजावून लिहिलं होतं. दुखलं. तिने गरम पाण्याची पिशवी घेतली, बाथरूमची फरशी धुतली, परत पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मेल आली होती, कशा आहात? तिने लिहिलं, ठीक आहे. मग बराच वेळ ती त्या दोन शब्दांकडे बघत राहिली, कारण ते खरे होते.

आणि मग तिने फोन उचलला. पहिला शोभनावहिनींना.

"वहिनी, राहिलं नाही हो."

पलीकडून 'अगं बाई' एवढंच आलं.

"तुम्ही ओटी भरलीत आणि लगेच," सुजाता म्हणाली. आवाज अगदी ओला. "नशीब माझं. तुमचा काय दोष."

राजनभाऊंनी टाकून दिलेलं पार्सल शोभनावहिनींना माहीत होतं. म्हणजे खरं काय ते त्यांना कळलं असणार. पण ते कुणाला सांगायचं तर नवरा दुसऱ्याच्या बायकोची पाकिटं फोडतो हे आधी सांगावं लागलं असतं. सुजाताने याचा विचार आठवडाभर, फळा पुसता पुसता केला होता.

दुसरा फोन मैथिलीला.

"अगं, हाताच्या गुणाबिणाला मी मानत नाही," सुजाता तिला म्हणाली. "मी सायन्सची टीचर. कुणी म्हणेल तिसरा लागायच्या आत भरली, चौघींना घेऊन भरली, म्हणून झालं. मी नाही म्हणणार. शोभनावहिनींच्या हाताला नावं ठेवायची कुणी?"

"नाही गं बाई," मैथिली म्हणाली, आणि तिच्या आवाजात सुजाताला पुढची पाच वर्षं ऐकू आली.

कुणी भांडलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ओटीची पहिली मानकरीण दुसरीच कुणी झाली. कुणाच्या बारशाला शोभनावहिनींना जेवायच्या वेळेचं आमंत्रण गेलं, पाळण्याच्या वेळेचं नाही. एका नव्या मुलीच्या डोहाळजेवणात त्या तबक घेऊन पुढे झाल्या, तेव्हा कुणीतरी हसतच म्हटलं, "वहिनी, तुम्ही बसा, दमलात." ज्या बाईशिवाय मंडळातलं एक कुंकू लागत नव्हतं, ती पेपर प्लेट्स मोजायला उरली. सुजाता प्रत्येक कार्यक्रमाला जात होती. हिरवा ब्लाउज घालून जात होती.

कंपनीच्या पुढच्या यादीत सतीशचं नाव आलं. त्याच्यामागून राजनभाऊंचंही आलं आणि वर्षभरात कंपनीच बंद झाली. राजनभाऊंना मोठ्या मुश्किलीने दुसरीकडे काम मिळालं. सतीशला मिळेना. शिक्षिकेला नवऱ्याला स्पॉन्सर करता येत होतं, म्हणून तो सुजाताच्या व्हिसावर आला. त्याची पत्रं आता तिच्या शाळेच्या बॉक्समध्ये येत. ती ती न उघडता त्याच्या हातात ठेवायची. प्रत्येक वेळी, अगदी विजेचं बिल असलं तरी, पाकीट उलटं करून बंद बाजू त्याला दाखवायची आणि मग द्यायची. तो मान खाली घालून घ्यायचा.

मग शोभनावहिनींच्या मुलीचं, मुग्धाचं डोहाळजेवण आलं. मुग्धा इथेच वाढलेली, जावई कुशल बँकेत. विहीणबाई, नर्मदाबाई, खास नाशिकहून आल्या होत्या. त्यांना यायच्या आधीच कुणीतरी शोभनावहिनींच्या हाताबद्दल सगळं सांगितलं होतं. पहिली ओटी मुलीच्या आईने भरू नये, असं त्यांनी गोड शब्दांत ठरवलं आणि तो मान सुजाताला दिला.

शोभनावहिनी तिला स्वयंपाकघरात गाठायला आल्या. बाहेर बायकांचा हशा चालला होता. त्यांनी दार लोटलं.

"सुजाता, तू एक शब्द टाकलास तर विहीणबाई ऐकतील. तू तर हे मानत नाहीस."

"नाही मानत."

"माझी मुलगी आहे गं ती."

"हो."

"त्या वेळी जे केलं ते तुझ्या भल्यासाठीच केलं."

सुजाता तबकातले तांदूळ सारखे करत होती. "वहिनी," ती म्हणाली, "मलाही त्या दिवशी कुणीतरी एक शब्द विचारायला हवा होता. तुम्ही थेट नारळच घेऊन आलात."

शोभनावहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. सुजाताला वाटलं होतं, या घटकेला आपल्याला वाईट वाटेल, निदान थोडं. तिने वाट पाहिली. वाटलं नाही. तिने तबक उचललं, कोपराने दार उघडलं आणि बाहेर गेली.

मुग्धाच्या शेजारी मात्र ती क्षणभर थांबली. कानाशी वाकून तिने विचारलं, "तुला हवंय ना हे?" मुग्धा आधी गोंधळली, मग लाजून हसली. "हो, मावशी. ऑफ कोर्स." तेव्हा सुजाताने तिच्या पदरात तांदूळ घातले, नारळ ठेवला, मनापासून. शोभनावहिनी मागे भिंतीशी उभ्या राहून बघत होत्या. त्यांना दिसेल अशी ती जरा बाजूला सरकून बसली होती.

जेवणं झाली. सतीश खाली गाडी लावून थांबला होता. ती बसली, पदर आत घेतला, पट्टा लावला.

"झालं नीट?" त्याने विचारलं.

"झालं. यल्ला, चल. वाटेत बकाल्यात थांब, घरी दही संपलंय."