दोन घंट्या आणि शेजारणीचा पत्ता

जगात जेवढी म्हणून दुकानं बुडाली ती माल वाईट होता म्हणून नाही, भांडवल नव्हतं म्हणून नाही, तर पत्ता नीट सांगता आला नाही म्हणून बुडाली, असं छातीवर हात ठेवून सांगणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो आमच्या समोरच्या घरात राहत होता. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. एसटीत कंडक्टर म्हणून सारी उमर उदगीर-देगलूर-नांदेड रस्त्यावर उभ्यानं काढून ते निवृत्त झाले. मग देवधर्म, नातवंडं, कुंड्यांतली तुळस यांपैकी कशातही मन न रमवता ते थेट आमच्या कॉलेजच्या गच्चीवर चालणाऱ्या छोट्या रेडिओ केंद्रात गेले आणि म्हणाले, "माझा आवाज शेवटच्या सीटपर्यंत जातो. कामाला घ्या." केंद्र जेमतेम आसपासच्या खेड्यांपर्यंत ऐकू येई. पण ते चालवायला जाहिराती लागत, आणि दुकानदारांच्या दारात जायला कोणी तयार नव्हतं. काका तयार झाले. रोज सकाळी साडेदहाला, मोंढ्यातले धान्याचे भाव सांगून झाले, की काकांच्या जाहिराती.

ते दुकानात शिरले की समोरच्याला वाटे, तिकीट तपासायला आले. खांद्याला चामडी पिशवी, कानावर पेन, आणि हातात तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा. बोलताना तो सारखा टकटक वाजायचा. मालाचे गुण ते कधीच विचारत नसत. "गुण तर सगळेच सांगत्यात. ऐब काय हाय ते बोल." ऐब सांगितल्याशिवाय ऐकणाऱ्याचा भरवसा बसत नाही, हा त्यांचा सिद्धांत. गिरणीवाल्याची जाहिरात त्यांनी केली ती अशी: आधी भंगारात निघालेल्या गाडीतून आणलेली घंटा दोनदा, टिंग टिंग, म्हणजे गाडी सुटली. मग त्यांचा आवाज, "दळण बारीक. मालक तापट. डबा ठेवा, बोलू नका, तासाभरानं घेऊन जा." मग एकदाच टिंग, म्हणजे गाडी थांबली. गिरणीवाला पिठानं माखलेल्या अंगानंच केंद्रावर धावून गेला. "काका, माझी बदनामी करून राहिले का?" काकांनी शांतपणे विचारलं, "खोटं हाय का?" तो तोंड उघडणार तेवढ्यात बायकोचा फोन आला की गिरणीवर रांग लागलीय, लवकर या. बाया दळण तर आणत होत्याच, पण मालक खरंच किती तापट आहे तेही बघून जात होत्या. पुढं पुढं तर त्या बिचाऱ्याला मनात नसताना चिडावं लागे, नाहीतर गिऱ्हाईक हिरमुसलं होई.

मी तेव्हा आमच्या उदगीरला जिल्हा करा म्हणणाऱ्या समितीत होते आणि समितीची सगळी पत्रकं मीच लिहीत असे. काकांना पत्रकांची कीव यायची. माझे वडील शाळामास्तर. सकाळी कट्ट्यावरून त्यांना "जय भीम, मास्तर" करून झालं की काका माझ्याकडं वळत. "काय पत्रकवाली, आज कोणाला झोडपलंस?" आणि मग व्याख्यान. "हे बघ. तुझं पत्रक वाचायला माणूस रिकाम्या हाताचा लागतो. फ्लेक्स लावावा तर दुकानापेक्षा पुढाऱ्याचं तोंड मोठं, अन् चार दिसांत फाटून कोणाच्या तरी गोठ्यावर. रेडिओचं तसं न्हाई. बाई भाकरी थापून राहिली, गडी पंक्चर काढून राहिला, हात गुतलेले पण कान मोकळे. त्या कानात रोज त्याच टायमाला बोलायचं. टाइम बदलला की पॅसेंजर तुटला." यातला शब्द न् शब्द खरा होता, हे मी आज लिहिते. तेव्हा मी तोंड फिरवून हसले होते. बाजाराचं तत्त्वज्ञान ऐकायला मला वेळ नव्हता, मला जिल्हा करायचा होता.

पण त्यांची खरी करामत पत्त्यात होती. रस्त्याचं नाव, दुकानाचा नंबर ते सांगतच नसत. "ते टपालवाल्याच्या कामाचं." ते सांगत शेजारी. आणि शेजारी कोण, तर नेमका तो, ज्याची जाहिरात द्यायची ऐपत नाही. आमच्या समितीची खोली एका साडीच्या दुकानावर माडीला होती, आणि त्या माडीच्या जिन्याखाली शीलाताई मशीन मांडून फॉल-पिको करायची. साडीवाल्यानं जाहिरात दिली आणि सगळ्या गावानं ऐकलं ते हे: "साड्या चांगल्या. दुकानात उजेड कमी, रंग बाहेर आणून बघा. कुठं? जिन्याखाली फॉल-पिकोवाली शीलाताई बसते, जिचा टाका उसवत न्हाई, तिच्या शेजारी." साडीवाला चडफडत आला. "पैसे माझे अन् नाव तिचं?" काका म्हणाले, "शेठ, फॉल लावायला आलेली बाई साडी बघितल्याबिगर माघारी जाईल काय?" एकही गेली नाही. दुकान चाललं, आणि शीलाताईनं दुसरं मशीन घेतलं. चहाची टपरी चालवणारी म्हातारी, कुलपं दुरुस्त करणारा चाचा, अशी किती तरी माणसं होती ज्यांनी कधी जाहिरात दिली नाही आणि ज्यांचं नाव रोज रेडिओवर निघे. मी एकदा कारण विचारलं तेव्हा चिमट्याची टकटक थांबली. "गाडी भरली की डबल बेल मारायची. खाली माणसं राहायची, हात दाखवत. जिंदगीभर तेच केलं. एका तिकिटावर दोघांना न्यायची सोय एसटीत नव्हती, पोरी. हितं हाय."

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. लातूरला पाणी रेल्वेनं आणावं लागलं. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल हे नगरपालिकेलाही ठाऊक नव्हतं. समितीनं ठरवलं, हीच वेळ आहे, जिल्हा असता तर पाणीही असतं म्हणून मोर्चा काढायचा. जाहिरात करा म्हणून मी काकांकडं गेले. त्यांनी कानावरचं पेन काढलं. "ऐब सांग." मी म्हटलं, जिल्ह्यात कसली ऐब? "बरं, पत्ता सांग. जिल्हा कोणाच्या शेजारी होणार? लातूर दूर हाय म्हणून तू ओरडून राहिलीस, व्हय, खरं हाय. पण गावापल्याडच्या वस्तीत तू कधी गेलीस? तिला तू तरी जवळ हायेस का?" मला तो अपमान वाटला. मी ताडकन उठून आले, आणि तो राग जपून ठेवला. पत्रकं लिहिणारं माणूस राग वाया घालवत नाही.

आठ-दहा दिवसांनी स्कूटीवरून जाताना एका हॉटेलातून टिंग टिंग ऐकू आलं. "थंड पाण्याचा जार. पाणी स्वच्छ. भाव जास्त हाय..." एवढं ऐकलं आणि मी गाडी तशीच छापखान्याकडं वळवली. गाव घागरी घेऊन रांगेत उभं, आणि हा माणूस पाण्याचा धंदा घंटा वाजवून गातो! मथळा दिला, 'तहानेचा बाजार मांडणारा आवाज'. शेवटी माझं ठरलेलं वाक्य, 'याचा जाब कोण देणार?' नाव घातलं नव्हतं. 'एक निवृत्त कंडक्टर' लिहिल्यावर नावाची गरजच काय? मी लिहिलेल्या सगळ्या पत्रकांत तेच सर्वांत जास्त वाचलं गेलं. गाव चिडलेलं होतंच, चिडायला हाताशी माणूस मी दिला. दुकानदार घाबरले आणि एकेकानं जाहिरात काढून घेतली, गिरणीवाल्यानंसुद्धा. केंद्रानं साडेदहाचा कार्यक्रम बंद केला. काका भांडायला येतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. ते आले नाहीत. सकाळी वडिलांना "जय भीम, मास्तर" झालं आणि माझ्याकडं न वळता ते घरात गेले.

शीलाताईनं मला जिन्याशी अडवलं. "जाहिरात पुरती ऐकली व्हतीस का?" तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं आणि अख्खी जाहिरात म्हणून दाखवली. तिला सगळ्या पाठ होत्या. "थंड पाण्याचा जार. पाणी स्वच्छ. भाव जास्त हाय, परवडंल त्यानंच घ्या. कुठं? किल्ल्याच्या वाटेवर जुनी पायऱ्यांची बारव हाय, गल्लीतल्या माणसांनी गाळ काढलाय, घागरभर पाणी कोणालाबी फुकट मिळतंय, तिच्यासमोर." जारवाल्याच्या पैशानं काका रोज साऱ्या गावाला फुकटच्या पाण्याचा पत्ता सांगत होते. "आमच्या गल्लीच्या बाया रेडिओ ऐकूनच बारवेवर गेल्या," शीलाताई म्हणाली. "जाहिरात चार दिसांत बंद पडली, पल्याडच्या वस्तीला अजून कळलं न्हाई. आता कोण सांगणार, तू?"

हो, मीच सांगायला हवं होतं. मी समितीत खुलासा काढायचं म्हटलं, तर सगळे म्हणाले, मोर्चा तोंडावर असताना आपलीच चूक छापायची नसते. आणि मी ऐकलं. हा माझा दुसरा गुन्हा, आणि पहिल्याहून मोठा, कारण पहिला निदान रागात झाला होता. मोर्चा झाला, घोषणा झाल्या, निवेदन दिलं. पल्याडच्या वस्तीतल्या बाया तो सबंध उन्हाळा टँकरच्या रांगेत उभ्या राहिल्या. बारव त्यांच्यापासून चालत पाव तासावर होती.

पावसाळ्याच्या तोंडावर काका नांदेडला मुलीकडं राहायला गेले. त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी मी समितीला न विचारता खुलाशाचं पत्रक छापलं आणि पहिली प्रत घेऊन त्यांच्याच रस्त्यानं, एसटीनं नांदेडला गेले. त्यांनी ते तिकिटासारखं उजेडात धरलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, मग सावकाश वाचलं. "लई लांबलं," ते म्हणाले. "माफी चार वेळा मागितलीस, एकदा बास व्हती." त्यांनी पान पुन्हा उलटलं. "अन् बारव कुठं हाय ते कुठं लिवलंस?" मी पत्रक हातात घेतलं. पानभर माझा पश्चात्ताप होता. बारवेचा पत्ता कुठंच नव्हता. काका हसले, चिमटा उचलला आणि पत्रकाच्या कोपऱ्याला एक भोक पाडलं. "घे. तिकीट पक्कं झालं." मी म्हटलं, काका, परत चला, कार्यक्रम पुन्हा सुरू करू. त्यांनी चिमटा पिशवीत टाकला. "आता साडेदहाला कोण कान देऊन बसलंय, पोरी? टाइम तुटला की पॅसेंजर तुटतो." मला सोडायला मात्र ते स्टँडवर आले, आणि गाडी हलेपर्यंत कंडक्टरला दाराशी कोण लोंबकळतंय ते बघायला सांगत होते.

जिल्हा अजून झालेला नाही. साडेदहाला केंद्रावर आता गाणी वाजतात. शीलाताईची गिऱ्हाइकं हळूहळू आटली. तिनं दोन्ही मशीनं विकली आणि लातूरला तयार कपड्यांच्या दुकानात कामाला गेली. साडीवाल्यानं जिन्याखाली रिकामी खोकी रचून ठेवलीत. खेड्यापाड्यातून कोणी फोन करून विचारतं, ताई, समितीचं ऑफिस कुठं हाय? मी चौकाचं नाव सांगायला जाते आणि तोंडातून निघतं ते वेगळंच. जिन्याखाली फॉल-पिकोवाली शीलाताई बसते, जिचा टाका उसवत नाही, तिच्या वर. पलीकडचा माणूस विचारतो, "कोण शीलाताई?"