वरणावरची फोडणी
हिंग-मोहरीच्या फोडणीचा वास आला की मला कल्याणजवळच्या मोहने गावातली आमची चाळीतली खोली दिसते. दाराला कडुलिंबाचा डहाळा, आत चटईवर तापाने फणफणलेली धाकटी बहीण आणि तिच्या अंगावर पाणी भरलेले फोड. देवीचे रोगी तेव्हा क्वचितच आढळत, पण भीती गेली नव्हती. आईच्या चेहऱ्यावर लहानपणच्या देवीचे वण होते. ती बहिणीच्या गालांकडे बघायचंच टाळायची. शेजारच्या काकूंनी बजावलं होतं, "फोडणी घालू नकोस हो, देवीला चालत नाही." म्हणून आम्ही नुसतं पिवळं वरण खात होतो. शेवटी कल्याणहून डॉक्टर आले. त्यांनी तिचे तळहात, तळपाय आणि दंडावरचा लसीचा वण पाहिला. "देवी असती तर हातापायांवर दाट फोड आले असते. हिचे पोटापाठीवर आहेत. लसही चांगली धरलीय. कांजिण्या आहेत, बाई." "आणि चेहरा?" आईने विचारलं. "खाजवू देऊ नका, राहील छान." डॉक्टर गेले तशी आईने स्टोव्ह पेटवून कढल्यात तेल तापवलं. मोहरी तडतडताच काकू धावत आल्या. "अगं, कांजिण्यांनाही चालत नाही!" "आज चालेल, काकू," आई हसत म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली. आज आईचं तेरावं झालं. सुतकात बंद असलेली फोडणी संध्याकाळी बहिणीनेच वरणावर घातली. ताट पुढे करताना मी तिच्या नितळ गालांकडे पाहिलं, आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.