इतरांची साथ योग्य

उमेदीच्या वर्षांत मी पुण्यात हौशी नाटकांतून कामं केली. नणंद, शेजारीण, नर्स, कधी नुसतीच चहा आणून ठेवणारी. परीक्षणात नायिकेला दोन परिच्छेद आणि आमच्या वाट्याला ‘इतरांची साथ योग्य’. प्रत्येक दिग्दर्शक मला हेच सांगायचा, की बाई, चेहऱ्यावर जरा काहीतरी दिसू द्या. अक्कल पाजळणाऱ्यांना ‘हो’ म्हणून शेवटी आपल्याला हवं तेच करणं मला चांगलं जमतं.

आता वर्षातले निम्मे महिने मी न्यूझीलंडमध्ये, टाकानिनीला मुलीकडे असते. मागच्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या जून-जुलैत, ती माझ्यासाठी लायब्ररीतून एका फ्रेंच नटीचे सिनेमे आणू लागली. त्या नटीचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही आणि सबटायटल्स वाचेस्तोवर पळून जातात. तरी तिच्या तरुणपणापासून म्हातारपणापर्यंतचे सगळे सिनेमे मी ओळीने पाहिले. सुरुवातीला ती मागे ट्रे घेऊन उभी असते. मग कुणाची मोठी बहीण, कुणाची टाकलेली बायको. सिनेमा दुसरीचा, पण लक्ष हिच्याकडे. मोठी कामं मिळाली ती कुठे केस पिकल्यावर. एका सिनेमात नवरा गेल्याचा फोन येतो तेव्हा ती मटार सोलत असते. फोन ठेवते आणि उरलेले मटार सोलून टाकते. बस, एवढंच. मी सोफ्यावर ताठ बसले. जन्मभर मला जे करायचं होतं ते ही बाई करत होती, आणि लोक तिला मोठी नटी म्हणत होते. मला हेवा वाटला नाही. आपलं बरोबर होतं, असं वाटलं.

त्याच सुमारास इथल्या मराठी मंडळाने गणपतीसाठी एकांकिका बसवायला घेतली. त्यात आईचं काम मला मिळालं. शेवटी मुलगी परदेशी निघते आणि आई तिची बॅग भरून देते. दिग्दर्शक मुंबईचा इंजिनियर, उत्साही, माझ्या मुलीच्या वयाचा. भरपूरला इथे सगळे ‘हीप्स’ म्हणतात, तोही म्हणतो.

“काकू, इथे हीप्स रडायचंय,” तो म्हणाला.

मी म्हटलं, ही बाई रडणार नाही, आधी बॅग नीट बंद करेल. त्याला ते पटेना. तालमीत त्याने दुसऱ्या एका काकूंना उभं केलं. त्यांनी असा टाहो फोडला की मुलगी परदेशी नव्हे, परलोकी निघाल्यासारखं वाटलं. तुम्ही रडणार असाल तर काम तुमचं, नाहीतर त्यांचं, असं त्याने मला सांगून टाकलं. हे काम मला सोडायचं नव्हतं. मी हो म्हटलं.

प्रयोग दुपारी होता, शाळेच्या हॉलमध्ये. माझी मुलगी समोरच बसली होती. शेवट आला. बॅगेतून डोकावणारा ओढणीचा काठ मी आत सारला, चेन ओढली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं. विंगेतल्या प्रॉम्प्टरला वाटलं, आजी वाक्य विसरल्या. “नीट जा, पोचलीस की फोन कर,” त्याने हॉलभर ऐकू जाईल असं सांगितलं. लगेच पहिल्या रांगेतल्या दोघीतिघींनीही मला तेच पुरवलं. आपलीच माणसं, म्हातारीला अडू कशी देतील. मी मान वर केली नाही. किल्ली पोरीच्या हातात ठेवली, तिची मूठ मिटली आणि ‘दूध उतू जाईल, बघ’ म्हणावं तशा आवाजात ते वाक्य म्हटलं. पडदा पडला तरी टाळ्या जरा उशिराच आल्या.

दिग्दर्शक माझ्याशी तुटकच बोलला. गाडीत बसल्यावर मुलीने गाडी चालू केली नाही.

“आई, एअरपोर्टवर तू दर वेळी अशीच असतेस. माझी कॉलर सारखी करतेस, पार्किंगचं विचारतेस आणि आत निघून जातेस. मला वाटायचं, तुला परत जायची घाई झालीय.”

तिचे डोळे भरले होते. नटी म्हणून मला तेव्हा फार अभिमान वाटला, आई म्हणून माझा हात तिच्या कॉलरकडे गेला.

“घाई कसली,” मी म्हटलं. “रडले असते तर विमानात चढलेच नसते.”